कालव्याची लांबी, विहिरीची खोली

सयाजीगंजात बसून बडोद्याच्या कारखान्यांचा इतिहास लिहिणं सोपं आहे: १९६५ची कोयलीची रिफायनरी, मग खतं, पेट्रोरसायनं. सांडपाण्याचा इतिहास लिहायचा तर पिण्याच्या पाण्याचा नकाशाही शेजारी ठेवावा लागतो. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं पाणी नळानं शहरात आणलं. आजवा पूर्वेला, हे कारखाने वायव्येला. खेड्यांची भिस्त मात्र विहिरींवर.

१९८३मध्ये सुमारे ५६ किलोमीटरचा सांडपाणी कालवा सुरू झाला, धनोऱ्यापासून महीच्या मुखाजवळच्या सारोदपर्यंत. आम्हा इंजिनिअरांच्या हिशेबी घाण समुद्रात गेली, प्रश्न मिटला. पण वाटेतल्या गावांत पाण्याची टंचाई. शेतकऱ्यांनी कालव्यातूनच उपसा करून पिकं जगवली. असं पाणी जमिनीत मुरतं, विहिरीपर्यंत पोचतं.

माणसाला बाधा किती झाली हे ठरवायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: रसायन कोणतं, आलं कुठल्या वाटेनं, आणि ते पाणी कोण किती वर्षं प्यालं. तिसरी गोष्ट कारखान्याच्या दप्तरात सापडत नाही. विहिरीचं पाणी कधी सोडलं, गावात नळ कधी आला, हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक. ती सालं आपण टिपून घ्यायला हवीत, सांगणारे आहेत तोवर.