भिवंडी पुन्हा कशी उभी राहिली?

कामवारी नदीकाठच्या भिवंडीत आज माग थंडावत आहेत आणि गोदामे वाढत आहेत. 'भिवंडी संपली' असे उद्गार सहज कानी पडतात. परंतु इतिहास पाहिला तर हे शहर यापूर्वीही संपत आले होते, आणि दर वेळी ते रुळलेल्या वाटेबाहेरच्या उपायाने सावरले, असे दिसते.

पहिला उपाय भंगाराचा. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर येथील कोकणी मुसलमानांच्या शेजारी स्थिरावले. वीज आल्यावर हातमागाच्या जागी यंत्रमाग आला. पण नवा माग घेण्याची ऐपत किती जणांची होती? मुंबईच्या गिरण्यांनी निकामी म्हणून काढलेले माग विणकरांनी स्वस्तात घेतले, दुरुस्त केले आणि चालवले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्यांचे बरेच काम यंत्रमागांकडे वळले. गिरणगावातली चूल विझली तेव्हा आपल्याकडची पेटली, हे आपण विसरू नये. ही भरभराट बारा-बारा तास उभ्या असलेल्या, कायद्याचे संरक्षण नसलेल्या मजुराच्या पाठीवर झाली, हेही विसरू नये.

दुसरा उपाय संवादाचा. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचे नाव देशभर बदनाम केले. पहिल्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. दंगल झाली की मजूर गावी पळतो, व्यापारी सूत पाठवत नाही आणि माग गप्प होतो. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी बंदोबस्त वाढवण्याऐवजी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि त्या भागातील पोलीस शिपाई नियमित एकत्र बसू लागले. नळाचे, गटाराचे भांडण तिथेच मिटू लागले. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. एखाद्या कारखानदारी शहराला शांततेपेक्षा मोठे भांडवल कोणते?

तिसरा उपाय विजेचा. भारनियमन, चोरी आणि थकबाकी यांनी शहर बेजार होते. जानेवारी २००७ मध्ये वीज वितरणाचे काम टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे देण्यात आले. देशातील हा अशा प्रकारचा पहिलाच प्रयोग मानला जातो. गळती पुष्कळ घटली, पुरवठा सुधारला. मात्र बिलांविषयीचा असंतोष राहिला. उपाय धाडसी होता, पण तो विणकराला विचारून झाला नाही. मोहल्ला समितीत आणि यात हाच फरक.

पुढे २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी असे तडाखे बसले. मुंबई-नाशिक महामार्गावरून चालत निघालेले मजूर आपण पाहिले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि अनेक कष्टकरी कुटुंबे गाडली गेली. मानकोली, दापोडे, पूर्णा या गावांतील गोदामांनी रोजगार दिला, हे खरे. पण गोदामाला माल उचलणारे हात लागतात, तुटलेला धागा पाहून दोष ओळखणारी नजर लागत नाही. ही नजर नाहीशी होणे हे भिवंडीचे खरे नुकसान होय.

म्हणून आता चौथा उपाय हवा. मोहल्ला समित्यांची पद्धत धंद्याला लावून पाहावी. एकेका वस्तीतील लहान कारखानदार, मजूर, बिस्सी चालवणारा आणि शिक्षक यांनी दरमहा एकत्र बसावे. सूत एकत्रित खरेदी करावे. दुसऱ्याचे कापड मजुरीवर विणण्याऐवजी थोडे का होईना, स्वतःच्या नावाने विकावे. आमच्या उर्दू शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे जुन्या कारागिरांनी मागदुरुस्ती शिकवावी, नक्षीकामाचे वर्ग चालावेत. वर्षाच्या मध्येच आलेल्या मजुराच्या मुलाला बिनातक्रार प्रवेश मिळावा, कारण ज्याचे मूल शाळेत आहे तो माणूस शहर सोडून सहसा जात नाही.

भिवंडीने इतरांनी टाकलेले माग जपले. ते माग चालवणारा माणूस मात्र पाहुणाच राहिला. त्याला शहरवासी मानणे, हाच न वापरलेला उपाय आता शिल्लक आहे.