कट कुठं मारायचा?

हिंदी सिनेमातल्या नायिकेनं घोड्यावरून उडी मारली की आमच्या टेबलावर तीन तुकडे यायचे. पहिल्यात नायिका लगाम आवळून दातओठ खाते. दुसऱ्यात पाठमोरी डुप्लिकेट, केस तोंडावर आलेले, उडी तिची. तिसऱ्यात नायिका धुळीतून उठते आणि खांद्यावरची माती झटकते, चेहऱ्याला पावडर तशीच. पहिला तुकडा नेमक्या फ्रेमवर तोडून दुसरा असा चिकटवायचा, की थिएटरातल्या माणसाला हे दोन देह आहेत असा संशय येऊ नये. सत्तरीच्या अखेरीपासून मी संकलनाच्या खोलीत पोट भरलं ते बरंचसं या कामावर. ‘शोले’मधल्या बसंतीसाठी धोक्याची कामं रेश्मा पठाण यांनी केली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी ते फाइट मास्टर, कॅमेरामन आणि आम्ही कात्रीवाले, एवढ्यांनाच ठाऊक असायचं.

त्यामुळे जुना सिनेमा बघताना माझी नजर गोष्टीवर राहत नाही. कट कुठं पडला, एवढंच मी बघते. ‘मिस फ्रंटियर मेल’ची ओरखडे पडलेली प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी धावत्या गाडीच्या टपावरच्या मारामारीत कटाची वाट बघत बसले. तो आलाच नाही. एक धिप्पाड, सोनेरी केसांची बाई आखूड कपड्यांत डब्याच्या टपावर उभी आहे, एका इसमाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते आहे, मागं झाडं पळताहेत, आणि कॅमेरा तिला नखशिखांत दाखवत लांबच थांबला आहे. चेहराही दिसतो, पायही दिसतात, गाडीही हलते. लपवायचं काही नसेल तर कट कशाला मारायचा? 1936 साली हा हिशेब ज्याला समजला होता तो दिग्दर्शक म्हणजे होमी वाडिया, आणि टपावरची ती बाई म्हणजे नादिया.

नादियाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, होमींबद्दल फार थोडं. नादियाचा उल्लेख आला की थोरले बंधू जे.बी.एच. वाडिया ‘शोधक’ म्हणून पुढं येतात आणि होमी ‘पुढे तिचा नवरा झालेला’ म्हणून एका वाक्यात आटोपतात. मला हे पटत नाही. शोध थोरल्यांचा, हे कबूल. पण त्या शोधाचं काय करायचं, कॅमेरा किती लांब ठेवायचा आणि किती वेळ चालू ठेवायचा, हे धाकट्यानं ठरवलं.

हे वाडिया म्हणजे मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या लवजी नसरवानजींच्या घराण्यातले. थोरले जे.बी.एच., म्हणजे जमशेद, 1901 सालचे, वकिलीचं शिक्षण घेतलेले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. होमी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. दोघांच्या डोक्यात डग्लस फेअरबँक्स आणि झोरो. मूकपटांच्या काळातच जमशेदनी मारधाडीच्या सिनेमांवर हात बसवला होता, त्यांच्या ‘तूफान मेल’मध्ये आगगाडी आधीच येऊन गेली होती. 1933 मध्ये वाडिया मूव्हिटोन सुरू झाली ती परळला, घराण्याच्या लवजी कॅसल या जुन्या वास्तूत. आजूबाजूला गिरण्या, चाळी, खाणावळी. स्टुडिओच्या भिंतीपलीकडे भोंगा वाजला की कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो माणसं रस्त्यावर येत. अशा जागी बसून सिनेमा काढणाऱ्याला आपला प्रेक्षक कोण असू शकतो हे शोधायला लांब जावं लागत नसणार.

मेरी अ‍ॅन इव्हान्स म्हणजेच नादिया ही 1908 साली ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. लहानपणी मुंबईत आली, वडील पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडले. काही वर्षं पेशावरकडे गेली आणि घोडा, बंदूक, शिकार ही तिथली शिदोरी घेऊन ती मुंबईला परतली. मग आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये विक्रेतीचं काम, मादाम अस्त्रोवा या रशियन बाईंकडे बॅलेचं शिक्षण, त्यांच्या मंडळीबरोबर दौरे, मध्येच झार्को सर्कस. नादिया हे नाव एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून घेतलेलं. लाहोरच्या रीगल सिनेमाचे व्यवस्थापक इरुच कांगा यांनी तिची गाठ वाडियांशी घालून दिली.

ती यायची वेळ मोठी विचित्र होती. मूकपटांत घरंदाज बायका येत नसत, म्हणून अँग्लो-इंडियन आणि बगदादी ज्यू मुलींची चलती होती. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स हे त्यातलं सगळ्यांत मोठं नाव. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि या मुलींची पंचाईत झाली. हिंदुस्तानी उच्चार नाहीत, गाता येत नाही, तर घ्यायचं कसं? खुद्द सुलोचनाला भाषा शिकायला थांबावं लागलं. नादियाचे उच्चारही कच्चे. तिला ‘नंदादेवी’ हे नाव द्यावं, लांब काळी वेणी लावावी, असंही जमशेदच्या मनात येऊन गेलं. तिनं ते धुडकावलं: करारात नाव बदलायचं कलम नाही, शिवाय नादिया हे वाडियाशी जुळतं! आधी ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’ या दोन सिनेमांत लहान कामं देऊन लोक तिला स्वीकारतात का ते पाहिलं गेलं. लोकांनी स्वीकारलं. मग प्रश्न उरला तोच, बोलपटात बोलण्यात कमी पडणारी नायिका उभी कशी करायची.

तिनं कमी बोलावं आणि जास्त करावं, हे त्याचं उत्तर. 1935 च्या ‘हंटरवाली’त वजीर राजाला पळवतो आणि राजकन्या माधुरी तोंडाला मुखवटा बांधून, हातात चाबूक घेऊन अन्यायाचा समाचार घेत फिरते. दिग्दर्शन होमींचं. कॅमेरा त्यांनी स्वतः हाताळलेला होता, कलाकार अंगानं काय करू शकतो हे भिंगातून बघायची सवय होती. सहा महिने चित्रीकरण चाललं, सुमारे 80 हजार रुपये खर्च झाला. त्या काळच्या मानानं हा आकडा छाती दडपवणारा, आणि माल बघून वितरक मागं सरले. गोरी बाई, अर्धी विजार, पुरुषांना बडवते, हे कोण विकत घेणार? वाडिया आणि त्यांच्या भागीदारांनी तो स्वतःच ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. पंचवीस आठवडे चालला. चाबूक, पट्टे, आगपेट्या यांवर हंटरवाली छापून लोकांनी पैसे केले. वाडियांना त्यातलं काही मिळालं नाही.

लोकांना ती परकी कशी वाटली नाही, याची अनेक उत्तरं दिली जातात. सत्याग्रहाच्या त्या दिवसांत जुलमी सत्तेवर चाबूक उगारणाऱ्या राजकन्येचा अर्थ पिटातल्या माणसाला समजावून द्यावा लागत नव्हता. सेन्सॉरला मात्र त्यात नुसती परीकथा दिसे. हे आहेच. मला आणखी एक कारण दिसतं. आपल्याकडचा प्रेक्षक सर्कशीवर पोसलेला होता. छत्र्यांची, देवलांची, कार्लेकरांची सर्कस गावोगाव जाऊन आली होती. तंबूत झुल्यावरची बाई कुठल्या जातीची, कुठल्या देशाची, हे कोणी विचारत नसे. हात सुटतो की नाही याकडे सगळ्यांचे डोळे. होमींनी नादियाला पडद्यावर तशीच उभी केली. तंबूत बसलेला माणूस जितक्या लांबून बघतो तितकाच लांब त्यांचा कॅमेरा.

आता थोडं धंद्याचं सांगते. या मारामाऱ्या वेगवान दिसतात, कारण कॅमेरा सावकाश फिरवला की पडद्यावर माणसं चपळ होतात. ती लबाडी होमींकडेही आहे. ठोशांचे आवाज धड बसत नाहीत. जॉन कावस हा पिळदार अंगाचा पारशी नायक, संवाद म्हणताना भिंतीला सांगितल्यासारखा म्हणतो. पण नादिया उंचावरून खाली येते तेव्हा बघा. गुडघे आधी सैल होतात, टाचा मागून टेकतात, पाठ ताठ राहते. हे अस्त्रोवाबाईंचं देणं. साधा स्टंटवाला पडतो तेव्हा गोणी पडल्यासारखा पडतो, आणि तिथं कट मारणं भाग असतं. नादिया टेकते, सरळ होते, कंबरेवर हात ठेवते आणि ‘हेऽऽय’ अशी आरोळी ठोकते, इथपर्यंत शॉट चालूच. कटाला जागाच नाही. गिरीश कर्नाडांनी 1980 साली नादियावर लिहिताना बालपणीच्या आठवणींत त्या आरोळीला मानाची जागा दिली होती.

‘मिस फ्रंटियर मेल’ची गोष्टही मला आवडते. वडील रेल्वेतले, त्यांच्यावर खुनाचा आळ, आणि पाठीमागं रेल्वेचे अपघात घडवून विमानवाहतूक पुढं आणायचा डाव. सविता झालेली नादिया घरी व्यायाम करते, मोटार हाणते, टपावर चढते. नादियाच्या सिनेमांत घोड्याचं नाव ‘पंजाब का बेटा’, मोटारीचं ‘रोल्स रॉइस की बेटी’, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत तीही मंडळी मानानं बसलेली. 1940 च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये तर ती गावगुंडांना लोळवता लोळवता बायकांच्या शिक्षणाचा आणि स्वातंत्र्याचा विषय सरळ काढते. तिथं थोरल्या भावाचं राजकारण बोलतं. ते भाषण संपेपर्यंत होमींचा कॅमेरा जरा कंटाळलेला वाटतो, हे माझं मत.

आपल्या इतिहासकारांनी या सिनेमांना ‘स्टंटपट’ म्हणून बाजूला ठेवलं. 1935 म्हटलं की ‘देवदास’, 1936 म्हटलं की ‘संत तुकाराम’ आणि ‘अछूत कन्या’. 1937 च्या ‘कुंकू’त शांता आपट्यांची नीरा सावत्र मुलाला छडीनं फोडते, तिच्यावर आपण अजून लिहितो, आणि ते योग्यच आहे. पण ग्रँट रोडला एक बाई दोन वर्षं आधीपासून रोज तीन खेळ करून तेच काम चाबकानं करत होती. नीराची छडी सुशिक्षितांनी पाहिली, नादियाचा चाबूक पिटानं. इतिहास कोणी लिहिला, ते यावरून समजावं.

हा तुच्छतेचा सूर परळच्या स्टुडिओतही शिरला. चाळिशीच्या सुरुवातीला जमशेदना प्रतिष्ठेचे सिनेमे करायचे होते. साधना बोस यांना घेऊन 1941 मध्ये ‘राज नर्तकी’ आला, इंग्रजीतसुद्धा. होमींचा जीव स्टंटमध्ये. भाऊ वेगळे झाले आणि 1942 मध्ये होमींनी बसंत पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. परळची ती जागा त्याच वर्षी प्रभात सोडून आलेल्या व्ही. शांतारामांकडे गेली आणि तिथं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटणीस’ ज्या आवारात झाले, त्याच आवारात त्याआधी नादिया घोडे उडवत होती. मराठी माणसं राजकमलबद्दल भरभरून बोलतात. त्याआधी तिथं काय होतं, हे विचारलं की गप्प होतात.

वेगळं झाल्यावर होमींनी काय केलं? 1943 मध्ये ‘हंटरवाली की बेटी’. जुनं नाणं परत चालवलं असं म्हणा हवं तर, पण ते खणखणीत वाजलं आणि नव्या संस्थेचे पाय टेकले. नादिया तेव्हा पस्तिशीची. त्या वयात आपल्याकडे नायिकेला वहिनीची कामं येऊ लागतात. होमींनी तिला उड्या मारायला लावल्या, आणि तिनं त्या मारल्या. पुढे चेंबूरला बसंतचा स्टुडिओ झाला. स्वातंत्र्यानंतर हवा पौराणिकाकडे वळली तेव्हा होमीही वळले: ‘श्री गणेश महिमा’, ‘हनुमान पाताल विजय’, त्यात मीनाकुमारी. पुढे ‘अलिबाबा और चालीस चोर’, ‘झिंबो’. देव असोत की दरोडेखोर, होमी सगळ्यांना सारख्याच शिस्तीनं हवेत उडवत.

दोघांचं जमलं होतं ते ‘हंटरवाली’च्या आसपासच, पण लग्न 1961 मध्ये झालं. होमींच्या आईंना परधर्मीय सून चालणार नव्हती, आणि त्या हयात असेपर्यंत होमी थांबले. शत्रूच्या किल्ल्यावर चढणारी बाई आणि तिला चढवणारा दिग्दर्शक, दोघंही एका पारशी माउलीपुढं पंचवीस वर्षं गुपचूप. सिनेमात असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, हा प्रसंग कापा, कोणाला पटायचा नाही.

1993 मध्ये जमशेदांचे नातू रियाद वाडिया यांनी नादियावर माहितीपट केला, आणि परदेशच्या महोत्सवांतल्या टाळ्या ऐकून आपल्याकडच्यांना ती आठवली. नादिया 1996 च्या जानेवारीत गेल्या, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. होमी 2004 मध्ये. त्यांचा एकत्र केलेला शेवटचा सिनेमा 1968 चा ‘खिलाडी’, जेम्स बाँडच्या थाटातली गंमत. नादिया तेव्हा साठ वर्षांच्या. तोवर धंद्यात नायिकेसाठी डुप्लिकेट ही रीत पक्की झाली होती, दर ठरले होते, आमची कात्री त्याला सरावली होती. होमींनी मात्र साठीच्या बायकोला पुन्हा कॅमेऱ्यापुढं उभं केलं आणि मारामारी करायला सांगितलं.