वाळूतला रथ आणि वर्तमानपत्र

मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास लिहिणे माझे काम नव्हे. पण फडताळात अंथरायला जुनी वर्तमानपत्रे काढली की आषाढातल्या एखाद्या अंकात पुरीचा वाळूतला जगन्नाथ दिसतो, आणि त्यावर डबा ठेवायला हात धजत नाही.

आख्यायिका अशी की, ओडिया भाषेत रामायण रचणाऱ्या बलराम दासांना रथयात्रेत अपमान करून रथावरून उतरवले. ते समुद्रकाठी गेले, वाळूचाच रथ व देव करून पूजेला बसले. इकडे खरा रथ जागचा हलेना! तेव्हा छापणारे कोण होते? भक्तांच्या तोंडूनच ती हकिकत टिकली.

आता पुरीचेच सुदर्शन पटनायक रथयात्रेला जगन्नाथ करतात, नाताळला सांताक्लॉज. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१७ च्या फेब्रुवारीत ४८ फूट ८ इंच उंचीच्या वाळूच्या किल्ल्याने गिनीज विक्रम झाला. वाळू वाऱ्याने जाते, उरतो तो वर्तमानपत्रातला फोटो.

मात्र एवढी वाळू ओली करून दाबायची, वरून खाली कोरीत यायचे, हे एकट्याचे काम नव्हे. शिष्य असतात, फोटोखाली नाव बहुधा एकच. आमच्या संक्रांतीच्या रांगोळीचेही तेच झाले. बातमीत पाहुण्यांचे नाव, आणि पुढे ‘महिलांनी रांगोळी काढली’. मला रागच आला!

ते कात्रण मी मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. मागे अकराही जणींची नावे शाईने लिहिली आहेत.