बेस गिटारसाठी व्हिंटेज ट्यूब अ‍ॅम्प कसा निवडायचा? वॅट, वजन आणि गावातली वीज

बेस गिटारबद्दल यूट्यूबवर काहीही शोधा, 'व्हिंटेज ट्यूब टोन' हे शब्द येणारच. जुन्या रेकॉर्डिंगमधला तो जाड, गोलसर, किंचित खरखरणारा बेस ऐकला की आपल्यालाही तसाच अ‍ॅम्प हवासा वाटतो. पण हे यंत्र महाग आहे, जड आहे, आणि विजेच्या बाबतीत फार हट्टी आहे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत जे चालतं, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात, मंडपातल्या स्टेजवर चालेलच असं नाही. म्हणून पैसे गुंतवण्याआधी हे वाचा.

ट्यूब म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ट्यूबला वाल्व्ह म्हणायचे. आजोबांचा जुना रेडिओ लावला की आवाज यायला थोडा वेळ लागायचा, कारण आतले काचेचे वाल्व्ह आधी तापावे लागायचे. तेच तंत्र इथे आहे. बेस अ‍ॅम्पमध्ये साधारण दोन प्रकारच्या ट्यूब असतात. १२एएक्स७ सारख्या छोट्या ट्यूब गिटारचा बारीक सिग्नल वाढवतात. ६एल६ किंवा ६५५० सारख्या मोठ्या ट्यूब स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतात. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती ताकद स्पीकरपर्यंत पोहोचवतो.

आवाज वेगळा का लागतो? साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला क्षमतेपेक्षा जास्त ताण दिला की आवाज एकदम फाटतो. ट्यूब अ‍ॅम्प हळूहळू दबतो आणि मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर त्यात मिसळतात. हेच जास्तीचे स्वर आपल्याला 'जाड' वाटतात.

कोणते अ‍ॅम्प 'व्हिंटेज' मानले जातात?

• फेंडर बेसमन: फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी हा अ‍ॅम्प. पुढे तो सहा तारांच्या गिटारवाल्यांनाच जास्त आवडला. १९६२ मध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला पहिला मार्शल अ‍ॅम्पही याच सर्किटवर बेतलेला होता.
• अँपेग बी-१५: १९६० चा. २५ ते ३० वॅट आणि १५ इंची एक स्पीकर. मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन हाच वापरायचे. स्टुडिओत आजही याला मान आहे.
• अँपेग एसव्हीटी: १९६९ चा. ३०० वॅट, सोबत १० इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट. मोठ्या मैदानातल्या रॉक कार्यक्रमांसाठीच बनवलेला.

आज मिळणारे 'व्हिंटेज स्टाइल' अ‍ॅम्प बहुतेक याच घराण्यांतले असतात. चार ६५५० ट्यूबवर चालणारा २०० वॅटचा ऑरेंज एडी२०० हाही लोकप्रिय आहे.

किती वॅट पुरे?

इथे बरेच जण फसतात. ३०० वॅट म्हणजे ३० वॅटच्या दहापट मोठा आवाज, असं नसतं. ताकद दहापट केली की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यातून बेसची सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झवर वाजते. इतका खालचा स्वर मोठ्याने वाजवायला खूप ताकद लागते.

• घरी सराव आणि रेकॉर्डिंग: २० ते ५० वॅट भरपूर.
• ड्रमसोबत वाजवायचं आणि बेस पीएमध्ये जात नाही: २०० ते ३०० वॅट लागतील.
• कार्यक्रमाला साउंडवाल्याचा मिक्सर आहे: छोटा अ‍ॅम्प पुरतो. डीआय बॉक्समधून लाइन मिक्सरला द्या आणि अ‍ॅम्प फक्त स्वतःला ऐकण्यापुरता ठेवा.

लग्न असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, आपल्याकडे बहुतेक वेळा साउंडवाला असतोच. म्हणजे ३०० वॅटची गरज फार थोड्यांना आहे. शिवाय वजन बघा: एसव्हीटीचं हेड साधारण ३८ किलो, कॅबिनेट ६० किलोच्या वर. ही काही मोटरसायकलवर मागे बांधून न्यायची वस्तू नाही. प्रत्येक कार्यक्रमाला गाडीभाडं आणि उचलायला दोन माणसं धरून चाला.

सगळ्यात महत्त्वाचं: वीज

१. व्होल्टेज: अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. मागच्या पट्टीवर '५०/६०' लिहिलंय का ते बघा.

२. चढउतार: व्होल्टेज फार वर गेलं तर ट्यूब आणि कपॅसिटर जातात, फार खाली आलं तर ट्यूब नीट तापत नाहीत. चांगला स्टॅबिलायझर घ्या. त्याची क्षमता ठरवताना आवाजाचे वॅट धरू नका. अ‍ॅम्प भिंतीतून किती वीज घेतो ते मागे लिहिलेलं असतं, तो आकडा धरा. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यासाठी वापरू नका.

३. अर्थिंग: हा जिवाचा प्रश्न आहे. मंडपात दोन पिनचं एक्स्टेन्शन असेल, अर्थिंग नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर गिटारच्या तारांत करंट उतरू शकतो. तारांवर हात आणि माइकला ओठ लागले की तो करंट तुमच्या शरीरातून जातो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, आणि त्या लाइनला आरसीसीबी असू द्या. आवाजात 'हम्म' येतो म्हणून काही जण अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

वापरताना दोन नियम

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करून वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तोच सगळ्यात महाग भाग. अ‍ॅम्पवरचा ओहमचा आकडा (४ किंवा ८) कॅबिनेटशी जुळलाच पाहिजे.

दुसरं, अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. आत ४०० ते ७०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ साठून राहतात. पॉवर ट्यूब झिजतात आणि ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. त्या वेळी 'बायस' लावावा लागतो. हे काम करणारा मेकॅनिक तुमच्यापासून किती लांब आहे, हे खरेदीआधी शोधून ठेवा. तो मुंबईतच असेल, तर प्रत्येक दुरुस्तीला वाहतुकीचा खर्च जोडा.

ट्यूब नको, पण आवाज तसा हवा?

पर्याय आहेत. हायब्रीड अ‍ॅम्पमध्ये फक्त पुढची ट्यूब असते आणि ताकद हलक्या क्लास-डी सर्किटची, त्यामुळे वजन काही किलोंवर येतं. सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हरसारखे पेडल ट्यूबशिवाय तसा आवाज काढतात आणि थेट मिक्सरला जोडता येतात. आयफोन असेल तर गॅरेजबँडमध्ये बेस अ‍ॅम्पचे नमुने मोफत आहेत.

डेमो मात्र फोनच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका. तो ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तुम्हाला फक्त वरचे स्वर ऐकू येतात आणि खालचा स्वर मेंदू अंदाजाने भरतो. चांगले वायरचे इअरफोन लावा.

थोडक्यात

घरात रेकॉर्डिंग करत असाल, अर्थिंग पक्की असेल आणि मेकॅनिक हाताशी असेल, तर २० ते ५० वॅटचा पूर्ण ट्यूब अ‍ॅम्प घ्या. गावोगावी कार्यक्रम करत असाल तर पेडल किंवा हायब्रीड घ्या, आणि उरलेल्या पैशातून आधी स्टॅबिलायझर आणि डीआय बॉक्स. लाखांच्या घरातला मोठा अ‍ॅम्प तेव्हाच, जेव्हा तो उचलायला माणसं, न्यायला गाडी आणि चालवायला खात्रीची वीज असेल.