मास्तरांनी अडवलेलं धरण

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या कुशीत एक दरी आहे. इंग्रजांनी तिला ‘सायलेंट व्हॅली’ म्हटलं. का, तर म्हणे तिथे रानकिड्यांची किरकिर ऐकू येत नाही. स्थानिक नाव वेगळं आहे, आणि मला विचाराल तर जास्त सुंदर आहे: सैरंध्री. विराटाच्या महालात दासी होऊन राहिलेली द्रौपदी. दरीतून वाहणाऱ्या नदीचं नाव कुंती. पांडव ज्या रानात राहून गेले नाहीत असं रान भारतात शोधूनच काढावं लागेल, पण सासू-सुनेच्या नावाने ओळखली जाणारी जोडी मात्र दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

या कुंतीवर केरळच्या वीज मंडळाला धरण बांधायचं होतं. १९७३ साली नियोजन आयोगाने मंजुरी दिली. सुमारे १३० मीटर उंचीची भिंत, सुरुवातीला १२० मेगावॉट वीज, वर पालक्काड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत १० हजार हेक्टरच्या आसपास सिंचन. बुडणार होतं ८.३ चौरस किलोमीटर जंगल. दरी जवळपास ९० चौरस किलोमीटरची, म्हणजे दहा टक्केसुद्धा नाही, असं मंडळाचे अभियंते सांगत. ऐकायला पटतं. गोम अशी की बुडणारा भाग नदीकाठचा होता, म्हणजे जंगलाचा सगळ्यात समृद्ध पट्टा. शिवाय धरण एकटं येत नाही. त्याच्या आधी रस्ता येतो, मजुरांच्या वस्त्या येतात, सरपणासाठी कुऱ्हाड येते आणि ठेकेदार येतो.

सुरुवातीला हा विषय मोजक्या लोकांचा होता. मद्रासच्या सर्पोद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या जंगलाकडे लक्ष वेधलं. सिंहपुच्छ माकडांचा अभ्यास करणाऱ्यांनी धोक्याची सूचना दिली. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीची महिरप असलेलं हे माकड फक्त पश्चिम घाटात सापडतं आणि सलग, दाट, सदाहरित रान मिळालं तरच टिकतं. मग १९७६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण नियोजन समितीने एक कृतिगट नेमला. अध्यक्ष होते मुंबईचे झफर फतेहअली.

या गटाच्या अहवालाची गोष्ट आजच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी अशी आहे. गटाने सांगितलं, प्रकल्प सोडून द्या. पण पुढे जोडलं की सोडणं शक्यच नसेल तर अमुक अमुक १७ अटी पाळा. सरकारने काय केलं असेल? पहिलं वाक्य बाजूला ठेवलं, १७ अटी मान्य केल्या आणि १९७९ मध्ये विधानसभेत ‘सायलेंट व्हॅली संरक्षित क्षेत्र’ असा कायदाच करून टाकला. संरक्षणाच्या नावाचा कायदा, आणि पोटात धरण! ‘नाहीच जमलं तर’ हे तीन शब्द तज्ज्ञांनी सौजन्य म्हणून लिहिले असतील. सरकारला तेवढी फट पुरली.

इथवरची लढाई अहवालांची आणि पत्रांची. ती लोकांची झाली ती मास्तरांमुळे.

केरळ शास्त्र साहित्य परिषद ही संस्था १९६२ साली सुरू झाली. मल्याळममध्ये विज्ञान लिहायचं, खेडोपाडी विज्ञान सांगायचं, एवढंच सुरुवातीचं काम. आपल्याकडच्या मराठी विज्ञान परिषदेची मोठी बहीण म्हणा, पण अंगणात बसणारी नव्हे, रस्त्यावर फिरणारी. सभासदांत शाळा-कॉलेजातले शिक्षक मोठ्या संख्येने. त्यांतले एक एम. के. प्रसाद, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९७७च्या सुमारास त्यांनी परिषदेच्या मासिकात सायलेंट व्हॅलीबद्दल लिहिलं आणि परिषदेच्या आतच वाद पेटला.

पेटणारच होता. परिषदेतले बरेचजण डाव्या विचारांचे. त्यांच्या लेखी वीज म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे कामगाराला काम. केरळातले जवळपास सगळे मोठे पक्ष, डावे आणि उजवे दोन्ही, धरणाच्या बाजूने होते. कामगार संघटनाही होत्या. आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवं. प्रकल्प ज्या भागासाठी होता तो मलबार. १९५६ पर्यंत हा भाग मद्रास राज्यात होता. जुन्या त्रावणकोरच्या तुलनेत मागे पडलेला. मोठे वीज प्रकल्प बहुतेक दक्षिणेकडे झालेले. इकडची गावं कंदिलात. अशा गावात जाऊन ‘माकडासाठी धरण नको’ म्हणून बघा. ‘माणसं मोठी की माकडं?’ हा प्रश्न तेव्हा केरळभर विचारला जात होता, आणि विचारणारे सगळे काही ठेकेदारांचे हस्तक नव्हते.

परिषदेने याला जे उत्तर दिलं त्यामुळे ही चळवळ मला इतर अनेक चळवळींपेक्षा वेगळी वाटते. त्यांनी वहीपेन्सिल काढली. प्रसादांसोबत अभियंते एम. पी. परमेश्वरन आणि व्ही. के. दामोदरन, अर्थतज्ज्ञ के. पी. कण्णन अशी मंडळी बसली आणि प्रकल्पाचा तांत्रिक, आर्थिक, सामाजिक हिशेब मांडणारी पुस्तिका तयार केली. मुद्दे साधे होते. केरळ त्या वेळी शेजारच्या राज्यांना वीज विकत होतं. इडुक्कीचं वीजकेंद्र १९७६ मध्ये सुरू झालेलं. मग मलबारात अंधार का? कारण तिथवर वीज नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या, आणि नेताना होणारी गळती मोठी. अंधाराचं कारण कुंती नव्हती, तारा होत्या. शिवाय सगळी भिस्त पाण्यावर ठेवली तर पाऊस रुसला त्या वर्षी काय करणार? (ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत केरळला वीजकपात सोसावी लागली, तेव्हा हा प्रश्न किती खरा होता ते कळलं.)

म्हणजे ‘माणसं की माकडं’ या प्रश्नावर त्यांनी माकडांची बाजू घेतलीच नाही. माणसांना वीज मिळालीच पाहिजे, असं म्हणून ते मंडळाच्या आकड्यांवर बसले. मग हेच आकडे घेऊन गावोगाव सभा, पत्रकं, वर्गातल्या चर्चा.

हिशेबाच्या जोडीला कविता आली. सुगतकुमारी, एन. व्ही. कृष्ण वारियर असे मल्याळममधले मोठे कवी सभांमध्ये उभे राहिले. वैकोम मुहम्मद बशीर यांच्यासारखे कथालेखकही सोबत होते. ‘झाडकवी’ म्हणून त्यांची टिंगल झाली. सुगतकुमारींची झाडावरची कविता मोर्च्यांत आणि सभांत गाणं होऊन फिरली. वीज मंडळाच्या अभियंत्याला आकड्याशी भांडता येतं, कवितेशी कसं भांडणार?

दिल्लीत मात्र पारडं सारखं वरखाली होत होतं. मोरारजी देसाईंनी हिरवा कंदील दाखवला. चरणसिंग पंतप्रधान झाल्यावर पुन्हा विचार सुरू झाला. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी आजूबाजूची जंगलं जोडून एकच मोठं राखीव वर्षावन करा, असं सुचवलं. सालिम अलींनी प्रकल्प थांबवा म्हणून आवाहन केलं. उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, पण जानेवारी १९८० मध्ये याचिका फेटाळली. म्हणजे कोर्टात चळवळ हरली.

त्याच महिन्यात इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि त्यांनी केरळ सरकारला थांबायला सांगितलं. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात पुण्याचे माधव गाडगीळ होते. समितीचा अहवाल आला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली; इंदिरा गांधींच्या हत्येला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

त्यामुळे ‘इंदिराजींनी सायलेंट व्हॅली वाचवली’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे दिसतं. त्यांचा निर्णय मोठा होता, यात वाद नाही. पण सात वर्षं मास्तरांनी मल्याळममध्ये तो हिशेब फळ्यावर मांडला नसता, तर दिल्लीचा नकार केरळात निव्वळ दादागिरी ठरला असता.

या चळवळीची एक बाजू मात्र कच्ची राहिली. दरीच्या शेजारीच अट्टप्पाडी आहे. इरुळ, मुडुग, कुरुंब या आदिवासींचा मुलूख. त्यांच्या जमिनी आणि जंगलं बाहेरून आलेल्यांच्या हाती जात होती, तेही त्याच दशकांत. कवी आणि प्राध्यापकांच्या लढाईत त्यांचा आवाज फारसा नव्हता. रान वाचलं, शेजारच्या माणसांचं रान गेलं ते गेलंच.

पुढे २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी केंद्राने समिती नेमली तेव्हा अध्यक्ष होते तेच माधव गाडगीळ. अहवाल २०११ चा. कुठे काय चालेल हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्यात होतं. आणि गंमत बघा, २०१३ मध्ये त्या अहवालाच्या आणि नंतरच्या कस्तुरीरंगन अहवालाच्या विरोधात केरळच्याच डोंगराळ भागात हरताळ झाले. शेती जाईल, घर बांधता येणार नाही, अशी भीती घरोघर पोचली होती. शास्त्र साहित्य परिषद गाडगीळांच्या बाजूने उभी राहिली, पण या वेळी अहवालाआधी अफवा गावात पोचली. अहवाल इंग्रजीत, पाचशेच्या वर पानांचा. लोकांच्या भाषेत तो कोणी वेळेत नेला नाही. सरकारने तर तो कित्येक महिने दाबूनच ठेवला होता.

त्याच अहवालात सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी आणि दोडामार्ग भागातल्या गावांचा उल्लेख आहे. खाणी दारात आल्या होत्या, तेव्हा तिथल्या २५ गावांनी ग्रामसभा भरवून ठराव केले: आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा.