परवानगीचे आकाश

साम्राज्याचा इतिहास आपण बहुधा जहाज आणि आगगाडी यांच्या वाटेने वाचतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यात विमानाची भर पडली. ब्रिटनच्या 'इंपीरियल एअरवेज'ची हकीकत वाचताना मात्र आम्हांला असे जाणवते की, तिच्यात साम्राज्याच्या सामर्थ्याइतकीच त्याची परावलंबनेही नोंदली गेली आहेत.

३१ मार्च १९२४ रोजी चार खाजगी विमान कंपन्या एकत्र करून ही कंपनी स्थापन झाली. भांडवल खाजगी, पण दहा वर्षांत मिळून दहा लाख पौंडांचे सरकारी अनुदान. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू झाली. प्रवास सात दिवसांचा, भाडे १३० पौंड. ते परवडणारे उतारू थोडेच, म्हणून टपालाला महत्त्व मोठे.

हा मार्ग नीट पाहण्याजोगा आहे. लंडनहून बासेलपर्यंत विमान, बासेलहून जिनोआपर्यंत आगगाडी, तेथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान! नावात साम्राज्य मिरवणाऱ्या कंपनीला युरोपचाही पट्टा अखंड उडून ओलांडता येत नव्हता. पुढे इराणच्या किनाऱ्यावरून उडण्याची मुभा संपली, तेव्हा १९३२ मध्ये सारा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस न्यावा लागला आणि शारजाच्या शेखाशी उतरण्याच्या जागेचा करार करावा लागला. समुद्रावर आरमाराची सत्ता चालत असे. आकाश मात्र खालच्या भूमीच्या धन्याचे होते. नकाशावरील लाल रंग सलग दिसला, तरी विमानाची वाट परवानग्यांच्या तुकड्यांनी जोडलेली होती.

आपल्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाची तारीख १५ ऑक्टोबर १९३२ ही होय. इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा त्या दिवशी 'पस मॉथ' या लहानशा विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले. साम्राज्याची वाट कराचीत थबकली होती. दक्षिणेकडची वाट एका हिंदी उद्योगसमूहाने उघडली. त्याच सेवेतून १९४६ मध्ये 'एअर इंडिया' उभी राहिली आणि १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

इंपीरियल एअरवेजचे अस्तित्व तोवर संपलेही होते. १९३८ मध्ये कॅडमन समितीने तिच्या कारभारावर कठोर टीका केली, १९३९ मध्ये नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९४० पासून तिचा कारभार 'बीओएसी' या सरकारी महामंडळाकडे गेला. 'इंपीरियल' हा शब्द विमानांवरून साम्राज्याच्या आधी पुसला गेला. साम्राज्याच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी वसाहतींतील ग्रंथांबरोबर अशी वेळापत्रकेही वाचावीत, असे आम्हांला वाटते. कारण सत्ता स्वतःविषयी काय सांगते ते ग्रंथांत सापडते, आणि तिला कोठे थांबून परवानगी मागावी लागते ते वेळापत्रकांत.