ताऱ्यामागे फिरणारी दुर्बीण

शाळेच्या पटांगणात दुर्बीण लावून शनी दाखवण्याचा प्रयोग आपल्यापैकी काही शिक्षकांनी केला असेल. त्यांना एक फजिती ठाऊक असते. गुरुजींनी शनी नेमका धरून द्यावा, पहिल्या मुलाने डोळे भरून पाहावा, आणि तिसऱ्याची पाळी येईतो भिंगात नुसता काळोख! दोष कुणाचाच नाही. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. दोन मिनिटांत चंद्रबिंबाच्या रुंदीइतके. दोनशेपट मोठे करून पाहू लागलो, तर तारा मिनिटाभरात नजरेआड.

यावरचा उपाय जुना आहे. फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने १८२४ साली डोर्पाटच्या वेधशाळेला मोठी दुर्बीण करून दिली. तिचा एक कणा पृथ्वीच्या आसाला समांतर होता, आणि वजनावर चालणारे घड्याळ तिला त्याभोवती हळूहळू फिरवी. युक्ती नामी, पण यंत्र अवजड. वेधशाळेबाहेरच्या हौशी माणसाने काय करावे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ साली जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर साधक म्हणून दाखल झाला. जहाजाच्या खिडकीची बारा इंची काच घासून त्याने आरसा केला. गाठीला पैसा नाही. तेव्हा नळी पुठ्ठ्याची आणि बैठक लाकडाची. खालची पेटी जात्यासारखी खुंट्याभोवती फिरते, नळी तोफेसारखी वरखाली होते. झाली दुर्बीण! ती ढकलत नेऊन तो आसपासच्या लोकांना आकाश दाखवी. त्या नादात मठाबाहेर राहणे वाढले, आणि १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचे घर सुटले. दुर्बीण मात्र सुटली नाही. पुढच्याच वर्षापासून त्याची मंडळी रस्त्याच्या कडेला दुर्बिणी मांडू लागली. या रचनेचे पेटंट त्याने घेतले नाही. मला तर आरशापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पण स्वस्ताईची किंमत होतीच. मोठा आरसा घरोघर आला, आणि घड्याळ गेले. तारा धरून ठेवायला दुर्बीण सारखी हाताने सरकवावी लागे.

ही उणीव भरून काढली पाँसे या फ्रेंच हौशी निरीक्षकाने. त्याची कल्पना १९७७ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात छापून आली. दुर्बिणीला हातच लावायचा नाही. ती उचलून एका बुटक्या फळीवर ठेवायची, देव चौरंगावर ठेवावा तशी. फळीची एक बाजू खुंटीवर टेकलेली, दुसरी बाजू विषुववृत्ताच्या पातळीला समांतर बसवलेल्या तिरक्या पट्टीवर घसरणारी. लहानशी मोटर स्क्रू फिरवते, आणि फळी दुर्बिणीसकट आकाशाच्या चालीने कलत जाते. मात्र पट्टीचा उतार गावच्या अक्षांशाप्रमाणे हवा. पुण्याला ध्रुव क्षितिजावर साडेअठरा अंशांवर दिसतो, पॅरिसला सुमारे ४९. तिथली फळी इथे उपयोगाची नाही.

पुढे नळीऐवजी सुटे होणारे दांडे आले, वीस इंची दुर्बीण मोटारीत मावू लागली. १९९०नंतर संगणकाने चालणाऱ्या मोटरीही आल्या. तरी साध्या सुताराच्या हाताला झेपणारी ती फळीच. तासाभराने ती कलण्याच्या टोकाला पोचते. तोवर दीड-दीड मिनिटाच्या हिशेबाने चाळीस मुलांचा वर्ग शनी पाहून होतो. मग गुरुजींनी फळी मागे ओढायची आणि पुढच्या वर्गाला बोलवायचे.